कागदावरची खोली

मराठी शाळेतल्या कुठल्याही पोराला 'निसर्गचित्र काढ' म्हणून सांगा, पेन्सिल आपोआप चालू लागते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून निघून खाली येता येता रुंद होणारी नदी, काठावर नारळाचं झाड, एक कौलारू घर आणि आभाळात चार पक्षी. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत बसून काढलं तरी चित्र हेच निघतं. झरीच्या शिवारात असे जोडीनं उभे डोंगर कुठून असणार? तिथे आहे ती सपाट काळी जमीन, कापूस-सोयाबीन-तुरीचे तास आणि धुऱ्यावरची बाभूळ. म्हणजे हे चित्र रान पाहून काढलेलं नाही, दुसऱ्या चित्रांवरून उचललेलं आहे.

त्यातल्या नदीकडे जरा नीट बघा. डोंगरापाशी ती दोऱ्याएवढी आहे आणि कागदाच्या खालच्या कडेला हातभर रुंद. का? उगमाशी ओहळ असतो नि पुढे त्याची नदी होते, म्हणून? की डोंगर लांब आहेत, म्हणून तिथलं पात्र बारीक दिसतं, आणि आपण उभे आहोत तो काठ जवळ आहे, म्हणून इथलं रुंद? दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात. पहिल्या उत्तरात कागद सपाट राहतो आणि नदी खरोखरच वाढत जाते. दुसऱ्या उत्तरात नदी आहे तेवढीच राहते आणि कागदालाच खोली येते. कोणतं उत्तर धरायचं, ते कागद सांगत नाही. ते बघणारा ठरवतो.

सगळ्या जगातले बघणारे ते सारखंच ठरवतात का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ छळतो आहे.

डोळा खोली कशी ओळखतो

आधी चित्र बाजूला ठेवून प्रत्यक्ष रानाकडे बघू. डोळ्याच्या आतला दृष्टिपटल हा पातळ पडदाच आहे. समोरचं सगळं जग त्यावर पसरट उमटतं. लांब-जवळ हे मेंदू नंतर लावून घेतो, आणि त्यासाठी त्याला खुणा लागतात.

पहिली खूण दोन डोळ्यांची. दोघांमध्ये सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असल्यानं दोघांना किंचित वेगळी दृश्यं दिसतात. नाकासमोर बोट धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटला की बोट उड्या मारतं, ते याचमुळे. या फरकावरून मेंदू अंतर काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये दाखवून दिलं. पण ही खूण जवळच्या वस्तूंना जास्त कामाची. लांबवर नजर टाकली की दुसऱ्या खुणा मदतीला येतात, आणि त्या ओळखायला एक डोळाही पुरतो.

उगवून आलेल्या सोयाबीनच्या रानात एका टोकाला उभं राहिलं की या सगळ्या खुणा एकदम भेटतात. तिफणीच्या फणांमधलं अंतर पेरताना कुठे बदललेलं नसतं, तरी पुढचे तास सुटे दिसतात आणि पलीकडच्या धुऱ्यापाशी एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. पायाशी पान न् पान मोजता येतं, लांबवर नुसता हिरवा पट्टा उरतो. जवळचं झाड मागच्या झाडाला झाकतं. लांबचा माणूस बोटाएवढा होतो आणि नजरेत वर, आभाळाच्या कडेकडे सरकतो. त्याहून लांबचं सगळं हवेतल्या धुरळ्यानं फिकट होतं.

चित्रकार याच खुणा उचलून कागदावर ठेवतो. अडचण एवढीच की चित्र बघताना पहिली खूण उलट साक्ष देते. दोन्ही डोळे मिळून सांगतात, 'हा तर सपाट कागद!' आणि कागदावरच्या रेषा सांगतात, 'इथे मैलभर रान आहे.' चित्र बघणं म्हणजे या भांडणात डोळ्यांची साक्ष बाजूला ठेवून रेषांचं ऐकणं. एक गंमत करून बघा. वर्तमानपत्राची सुरळी करा, एक डोळा मिटा आणि सुरळीतून भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं एखादं निसर्गदृश्य बघा. चित्राची कड दिसेनाशी होते, दुसऱ्या डोळ्याची साक्ष बंद पडते आणि तेच दृश्य एकदम खोल वाटू लागतं.

मग प्रश्न येतो तो असा. चित्रं पाहण्याची सवय नसलेला माणूस कुणाचं ऐकतो, डोळ्यांचं की रेषांचं?

हत्ती लहान का?

विल्यम हडसन या दक्षिण आफ्रिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो फार गाजला. चित्र अगदी साधं होतं. हातात भाला घेतलेला शिकारी, त्याच्यासमोर हरीण, आणि कागदावर त्या दोघांच्या मध्ये, मागच्या टेकडीवर लहानसा हत्ती. प्रश्न असा : शिकारी भाला कुणावर रोखतो आहे? त्याच्या जवळ कोण आहे?

'हरीण' म्हटलं तर हत्ती लांब आहे म्हणून लहान, हे कळलं असं धरायचं. 'हत्ती' म्हटलं तर त्या माणसाला चित्रातली खोली दिसत नाही. शाळा न पाहिलेल्या पुष्कळ खाण कामगारांनी हत्तीकडे बोट दाखवलं. त्यावरून 'आफ्रिकी माणसाला चित्र सपाट दिसतं' असा बोभाटा झाला. खरं तर हडसनच्या तपासणीत गोरे मजूरही होते आणि त्यांनाही चित्र बरंचसं सपाटच दिसलं होतं. फरक कातडीच्या रंगाचा नव्हता. घरात नि शाळेत चित्रं, पुस्तकं पाहण्याच्या सवयीचा होता.

पुढे या प्रयोगातल्याच फटी दिसू लागल्या. एक तर प्रश्न फसवा होता. कागदावर भाल्याचं टोक ज्या दिशेनं आहे त्या दिशेला हत्ती आहेच. 'कुणावर रोखलाय' या प्रश्नाला कागदावरचं उत्तर आणि रानातलं उत्तर अशी दोन उत्तरं निघतात. दुसरं म्हणजे चित्रात खुणा फार थोड्या होत्या. चार रेषांच्या रेखाटनात ना गवताचे बारीक होत जाणारे पुंजके, ना फिकट होत जाणारी टेकडी.

यान डेरेगोव्हस्की या संशोधकानं झांबियात वेगळी वाट धरली. तोंडी प्रश्न न विचारता त्यानं लोकांपुढे साध्या भौमितिक आकृत्या ठेवल्या आणि बांबूच्या काड्या नि मातीचे गोळे देऊन सांगितलं, 'हे जसं दिसतंय तसं करून दाखवा.' हडसनच्या परीक्षेत 'सपाट' ठरलेल्यांपैकीही काहींनी उभी-आडवी, घन आकृती बांधून दाखवली. तोंडानं जे सांगता आलं नाही ते हातानं सांगितलं.

त्याचा दुसरा प्रयोग तर आणखी मजेचा. एका टोकाला तीन दांडे आणि दुसऱ्या टोकाला दोनच, असा तो फसवा काटा तुम्ही कोड्यांच्या पुस्तकात पाहिला असेल. मुलांना तो बघून, मग थोडं थांबून आठवणीनं काढायला सांगितला. ज्यांना चित्रात खोली दिसत होती ती मुलं गोंधळली, कारण अशी वस्तू जगात असूच शकत नाही. ज्यांना ती आकृती म्हणजे नुसत्या रेषा वाटत होत्या, त्यांना तो काटा आणि साधा काटा यांत काही फरक पडला नाही. खोली दिसणं ही नेहमीच वरचढ गोष्ट असते असं नाही, हे या दोन-तीन दांड्यांनी सांगितलं.

मग चित्र ओळखणं हेच शिकावं लागतं का? तसंही नाही. होखबर्ग आणि ब्रुक्स या अमेरिकी दांपत्यानं आपल्या मुलाला एकोणीस महिन्यांचा होईपर्यंत चित्रांपासून दूर ठेवलं. वस्तूंची नावं शिकवली, पण ती खऱ्या वस्तूंवरून. नंतर रेखाचित्रं दाखवली तेव्हा त्यानं ती सरळ ओळखली. हा प्रयोग १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. इथिओपियातल्या मेएन लोकांना संशोधकांनी कागद दिला तेव्हा त्यांनी तो चुरगाळून, हुंगून, चाखून पाहिला. त्यांना नवल चित्राचं नव्हतं, कागदाचं होतं. तेच प्राणी कापडावर काढून दाखवले तेव्हा बहुतेकांना ओळखता आले, काहींना थोडा वेळ लागला इतकंच.

वस्तू ओळखायला शाळा लागत नाही. वस्तू-वस्तूंमधलं अंतर वाचायला मात्र चित्रांची ओळख लागते. निसर्गचित्रातल्या नदीचंही तसंच. नदी आहे हे सगळ्यांना कळतं. ती येते आहे की वाढते आहे, ते ज्याच्या-त्याच्या सवयीनं ठरतं.

खोलीत राहणारे डोळे

मराठीत 'खोली' या शब्दाचे दोन अर्थ. एक विहिरीची, दुसरी घरातली. विज्ञानातला एक मोठा वाद नेमका या दोन अर्थांच्या मध्ये उभा आहे.

दोन सारख्या लांबीच्या रेषा घ्या. एकीच्या टोकांना बाणाची पाती आत वळलेली, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. दुसरी रेष लांब वाटते. १८८९ मध्ये म्यूलर-लायरनं ही फसवणूक मांडली. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा इंग्रज डॉक्टर १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहिला. त्यांना ही आकृती इंग्रजांपेक्षा कमी फसवते, असं त्याला आढळलं. १९६६ मध्ये सेगल, कँपबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांतली निरीक्षणं एकत्र केली आणि एक उपपत्ती मांडली : सुताराच्या गुण्यानं आखलेल्या जगात, काटकोनी भिंती नि कोपऱ्यांमध्ये जे वाढतात, त्यांचे डोळे तिरप्या रेषा दिसल्या की लगेच कोपरा समजतात. गोल झोपड्यांत राहणाऱ्या झुलूंचं उदाहरण यासाठी वारंवार दिलं जाई. थोडक्यात, घरातली खोली डोळ्यांना चित्रातली खोली शिकवते.

कल्पना इतकी सुरेख होती की ती खरीच असावी असं वाटे. पण तिला धक्का बसला तो भारतातच. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. दृष्टी येताच या मुलांना अशाच आकृत्या दाखवल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात एकही कोपरा डोळ्यांनी पाहिला नव्हता, तीही तशीच फसली. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे या फसवणुकीचा निदान काही भाग आपण जन्माला येतानाच बरोबर आणतो.

झरीच्या बाजूनंही या उपपत्तीला एक शंका विचारता येते. मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर काटकोनीच. आणि समजा घर गोल असतं, तरी बाहेर तास आहेतच. सुतार गुण्यानं जे करतो ते तिफण शेकडो हातांवर करते. मिळत जाणाऱ्या रेषा शेतकरी रोज बघतो. तरी आपल्या इथल्या जुन्या चित्रांत त्या तशा उतरल्या नाहीत. दिसत होतं, पण काढलं नाही. हे का, याचं उत्तर डोळ्यांत नाही, चित्राच्या कामात आहे.

आपल्याकडचे हिशेब

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारात आलेले, समोर यशोधरा आणि छोटा राहुल. बुद्धांची आकृती भव्य, मायलेक त्यांच्यापुढे चिमुकले. हडसनचा नियम लावला तर म्हणावं लागेल, बुद्ध जवळ आहेत आणि ती दोघं कोसभर लांब. असं कुणीही म्हणत नाही. इथे आकार अंतराचा नाही, थोरवीचा आहे.

आणि या चित्रकारांना खोली येत नव्हती असं तर मुळीच नाही. अजिंठ्याचे चेहरे, दंड, कमळं उजळ नि गडद रंगांच्या फिरवणीनं भिंतीतून पुढे येतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात या छायांकनाला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार दिलेत. वळलेल्या शरीराचा कोणता भाग आखूड होतो, कोणता वाढतो, याला तिथे 'क्षय-वृद्धी' हे नाव आहे. उंच-सखल दाखवू शकतो तो खरा चित्रज्ञ, असा त्या ग्रंथाचा दाखलाच आहे. अंगाची खोली त्यांना हवी होती, जागेची नको होती. मंडपातली माणसं खांबांआड दडू नयेत म्हणून त्यांनी खांब बारीक केले. एकच गोष्ट वरून, समोरून, बाजूनं, जिथून नीट दिसेल तिथून काढली. लेण्यात एका जागी उभं राहून चित्र बघायचंच नसतं. दिवा घेऊन चालत जायचं असतं.

अहमदनगरच्या निजामशाहीत, १५६० च्या दशकात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र फारसी पोथी तयार झाली. ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिथे हिशेब निराळा. जे लांब ते वर, जे जवळ ते खाली. लहान-मोठं करायची गरज नाही. गच्चीवरून खालची लढाई बघावी तसं सगळं एकदम नजरेत येतं.

डहाणूकडच्या वारल्यांच्या लग्नातला चौक घ्या. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी तो काढतात. त्यात क्षितिज नाही, वर-खाली नाही, लांबचा माणूस लहान नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी (१९३४-२०१८) हीच भाषा कागद-कापडावर नेली. त्यांच्या तारपा नाचाच्या चित्रात नाचणाऱ्यांचा फेर वरून पाहिल्यासारखा गोल आहे आणि नाचणारा प्रत्येक जण मात्र बाजूनं पाहिल्यासारखा उभा. एका डोळ्याला हे दिसणं शक्य नाही. पण नाचाचा फेर कसा फिरतो आणि पाय कसे पडतात, दोन्ही कळायला हवं असेल तर दुसरा उपाय तरी काय?

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी गातात नि पोथीतलं एकेक चित्र पुढे करतात. पात्रं एका रेषेत, चेहरे बाजूनं, मागे मोकळा कागद. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रंही याच घराण्यातली. त्यांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. तिथे खोली गाणारा गळ्यातून भरतो. चित्रानं ती भरली तर शेवटच्या ओळीतल्या श्रोत्याला राम कुठला नि रावण कुठला हेच कळायचं नाही.

एका बिंदूकडे सगळ्या रेषा नेण्याची युरोपीय रीत, जिला आपण यथादर्शन म्हणतो, ती इटलीत पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्कीनं करून दाखवली आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीनं लिहून ठेवली. पुण्यात ती पोचली १७९० च्या दशकात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारी आला आणि त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं त्यानं केली. खांबांमागून खांब असलेलं लेणं म्हणजे यथादर्शनाचा धडाच. पुढे १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि ही रीत अभ्यासक्रम झाली.

पण झरीसारख्या गावापर्यंत अशी नजर पोचवली ती शाळेआधी बाजारानं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी घरोघरच्या भिंतीवर आली. तिच्या मागे पाण्यात सोंडेत हार घेतलेला हत्ती आहे, तिच्याहून लहान. लांब आहे म्हणून लहान, की देवी थोर म्हणून लहान? अजिंठ्याचा हिशेब आणि इटलीचा हिशेब एकाच कागदावर नांदले आणि हात जोडणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाटकांच्या पडद्यांनीही हेच काम केलं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचे पडदे बघायला लोक येत. रस्त्याच्या पडद्यावरची घरं मागे मागे लहान होत जात. मधल्या खुर्चीवरून तो रस्ता अगदी खरा. कडेला बसलेल्याला वाकडा. आणि नट चालता चालता पडद्याला लागून उभा राहिला की माडीच्या खिडकीत त्याचा खांदा! यथादर्शनाची अट इथे उघडी पडते : एक डोळा, एक जागा, आणि हलायचं नाही.

काय राखायचं, काय सोडायचं

घन जग सपाट कागदावर आणताना काहीतरी सोडावंच लागतं. यथादर्शन एका माणसाला एका क्षणी काय दिसलं ते राखतं आणि मोजमाप सोडतं. वारली चौक घडण राखतो, अंतर सोडतो. अजिंठा योग्यता राखतो. सुताराचा आराखडा समांतर रेषा समांतरच ठेवतो, कारण लांबचा पाय आखूड काढला तर कारागीर तो आखूडच कापेल. यांतली एक रीत डोळसपणाची आणि बाकीच्या आंधळेपणाच्या, असं धरून ज्यांनी माणसांची बुद्धी मोजली ते तिथेच चुकले. त्यांनी मोजलं ते एवढंच की समोरच्याला आमची लिपी वाचता येते का.

हा प्रश्न नुसता कलेचा नाही. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बोंडअळीचं चित्र शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं तर कागदावरची अळी बोटाएवढी काढावी लागते, आणि शेजारी तेवढ्याच पटीनं मोठं केलेलं बोंड किंवा माणसाचं नख नसेल तर मापाचा अंदाज येत नाही. नेपाळमध्ये १९७६ मध्ये खेड्यांतल्या लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेची चित्रं दाखवून पाहिली, तेव्हा मागचा पसारा कापून टाकलेली छायाचित्रं चांगली ओळखली गेली. मागची खोली काढून टाकली तर पुढचं नीट दिसलं.

झरीतल्या शेतकऱ्याच्या खिशात आज दोन्ही लिप्या असतात. मोबाइलमध्ये रानाचा फोटो असतो : पुढे मोठाले तास, मागे मिळत गेलेल्या रेषा, टोकाला बोटाएवढी बाभूळ. आणि घडी घातलेल्या कागदावर मोजणीचा नकाशा असतो : वरून पाहिलेला, सपाट, आभाळ नसलेला, कुठेच न मिळणाऱ्या रेषांचा. फोटो तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. पण शेजाऱ्यानं धुरा कोरला, तर फोटो काही कामाचा नाही. त्यात पलीकडचा धुरा अरुंदच दिसणार. तंटा मिटतो तो नकाशा पसरल्यावर, कारण त्यात लांबचं एकर नि जवळचं एकर सारखंच असतं.